मेव्हण्याचा डिव्हिडंड

वाळूजच्या कारखान्यानं आम्हाला स्वेच्छानिवृत्ती दिली, तेव्हा त्यातली स्वेच्छा कंपनीची होती आणि निवृत्ती आमची. पुण्याहून मनुष्यबळ विभागाचा एक पोरगेला अधिकारी आला होता. त्यानं आम्हा सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून आयुष्याच्या नव्या पर्वाबद्दल भाषण केलं आणि शेवटी केक मागवला. ज्यांना घरी पाठवायचं त्यांच्याच हातात सुरी द्यायची आणि त्यांच्याकडूनच टाळ्या वाजवून घ्यायच्या, ही रीत कुणी शोधून काढली कोण जाणे. मी खरेदी विभागात होतो. केक मी खाल्ला नाही. बाकीच्यांनी खाल्ला, आणि दोघा-तिघांनी डब्यात घालून घरीही नेला.

मिळालेले पैसे बँकेत ठेवीत टाकले. बायको एका खाजगी शाळेत शिकवते, तिचा पगार चालू होता, त्यामुळं अगदी अडलं होतं असं नाही. पण ठेवीची मुदत संपली की नवा व्याजदर आधीपेक्षा खाली आलेला असायचा, आणि काउंटरवरची बाई तो अशा सुरात सांगायची की जणू माझे पैसे ठेवून घेण्याचे उपकारच चाललेत. दोनदा असं झाल्यावर मी ठरवलं की यातला काही भाग शेअरमध्ये घालायचा. आज घेतला, उद्या विकला, त्यातले शेअर नाहीत. दर वर्षी नफ्यातला वाटा हातावर ठेवणाऱ्या कंपन्यांचे शेअर. डिव्हिडंड यावा, त्यातून घरातले काही खर्च निघावेत, बाकी भाव वर गेला काय आणि खाली आला काय.

कोणत्या कंपन्या घ्याव्यात हे सांगायला अख्खं शहर तयार होतं. आम्ही हर्सूलच्या बाजूला राहतो. तलावाकडं सकाळी फिरायला जाणारे निवृत्त लोक गुडघेदुखीच्या तेलाची नावं सांगावीत तशी मला कंपन्यांची नावं सांगायचे. गुलमंडीत एका कापड दुकानात माझा जुना ओळखीचा आहे, तो गिऱ्हाईकापुढं तागा उलगडता उलगडता चार नावं सांगायचा. पण कोणत्या कंपनीत किती घालायचे, असं विचारलं की सगळ्यांची तोंडं बंद. तलावावरचे एक गृहस्थ म्हणाले, "जसं मनाला वाटेल तसं." हे गृहस्थ पाटबंधारे खात्यात होते. त्यांनी कालव्यात पाणीही मनाला वाटेल तसंच सोडलं असणार.

मग जालना रोडवरच्या एका हॉटेलात मोफत मार्गदर्शन शिबिर झालं. मोफत म्हणजे जेवणासकट. मी गेलो. कानाला माइक लावलेला एक तरुण स्टेजवर इकडून तिकडं येरझारा घालत होता आणि झोपेत पैसे कसे वाढतात ते सांगत होता. समोरचे बरेच लोक खरोखरच झोपले होते. प्रश्नांच्या वेळी मी उठून विचारलं, "समजा मी दहा कंपन्या निवडल्या. तर प्रत्येकीत किती घालायचे, हे कशावरून ठरवायचं?"

तो प्रसन्न हसला. "काका, खूप सुंदर प्रश्न. हे आपण आपल्या प्रीमियम कोर्समध्ये डीपली घेतो."

"ढोबळ सांगा."

"ढोबळ म्हणजे काका, कन्व्हिक्शन. तुमचा विश्वास जिथं जास्त, तिथं जास्त."

माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं 'विश्वास जास्त तिथं जास्त' असं लिहून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. नंतर जेवणाच्या रांगेत तो माझ्याच पुढं होता. गुलाबजाम घेताना त्याचा विश्वास फारच जास्त दिसला.

मी घरी आलो आणि स्वतःच विचार करायला बसलो. शेअर बाजाराचं मला फार कळत नव्हतं, पण खरेदी खात्यात जन्म गेला होता. तिथं एकच गोष्ट डोक्यात पक्की होती: एका पुरवठादाराच्या भरवशावर लाइन चालवायची नाही. बोल्टचं एकच दुकान धरलं आणि त्यानं माल थांबवला, की पूर्ण कारखाना हात बांधून बसतो. म्हणून ऑर्डर वाटून द्यायची. जो वर्षानुवर्षं वेळेवर माल देतो त्याला मोठी, जो नवा आहे त्याला छोटी. आणि जो सगळ्यांपेक्षा फारच स्वस्त दर लावतो, त्याच्याकडं आधी जाऊन बघून यायचं. कारण त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं.

डिव्हिडंडचं हेच आहे असं माझ्या लक्षात आलं. शंभर रुपयांच्या शेअरवर सगळ्या कंपन्या तीन-चार रुपये देत असताना एखादी बारा देते, तेव्हा ती उदार झालेली नसते. एक तर तिचा भाव कोसळलेला असतो, नाहीतर घरातलं काहीतरी विकून ती पैसे वाटत असते. तेव्हा जास्त टक्के देणारीत जास्त पैसे, हे गणित पहिल्यांदा बाद. मी उलटीकडून सुरुवात केली. घरात वर्षाचे कोणकोणते खर्च डिव्हिडंडमधून निघावेत ते ठरवलं. मग असं बघितलं की कुठल्याही एका कंपनीनं उद्या डिव्हिडंड बंद केला तरी स्वयंपाकघरात ते कळता कामा नये. तेवढंच त्या कंपनीत घालायचं. वीज, गॅस, साबण, बिस्किटं असल्या कंटाळवाण्या धंद्यातल्या जुन्या कंपन्यांना थोडं जास्त. ज्यांचा नफा एक वर्ष वर आणि एक वर्ष खाली, त्यांना त्याच्या निम्मं. बारा टक्केवाल्यांना काही नाही.

आमची जुनी कंपनीही बाजारात होती. दुसऱ्या राज्यांतले तिचे कारखाने चालू होते. यादीत तिच्या नावापुढं मी शून्य लिहिलं.

बायकोनं बघितलं आणि विचारलं, "हे रागानं की हिशोबानं?"

"दोन्हीनं," मी म्हटलं.

त्या कंपनीत काय चाललंय हे कळायला मला कुणा सल्लागाराची गरज नव्हती. वाळूजला एकदा कामानिमित्त गेलो होतो तेव्हा आमच्या गेटवरची पाटी उतरवलेली दिसली. आत गॅस कटरनं शेडचे खांब कापणं चालू होतं. जागा एका गोदामवाल्यानं घेतली होती. ज्या ठिकाणी आमचं स्टोअर होतं तिथं ट्रक वळवायला मोकळं मैदान केलं होतं. त्याच वर्षी कंपनीनं सणसणीत डिव्हिडंड जाहीर केला आणि तिचं नाव सगळ्यांच्या मोबाइलवर फिरायला लागलं.

तिथूनच ते माझ्या मेव्हण्यापर्यंत पोचलं.

मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. लासूर स्टेशनला त्याचं आडतीचं दुकान आहे, कांदा आणि मका. घरची जमीन आहे, तिचा एक तुकडा महामार्गात गेला आणि त्याचा मोबदला आला होता. तो माझ्यापेक्षा बराच लहान, पण लग्नापासून मी त्याला अहो-जाहो करत आलो. त्या अहो-जाहोचा त्यानं पुरेपूर फायदा घेतलाय. कुठल्याही विषयावर तो आधी बोलतो आणि मग तुमचं मत विचारतो, ते उत्तर ऐकायला मात्र थांबत नाही. मक्याचा भाव, सोन्याचा भाव, अमेरिकेची निवडणूक, माझा मधुमेह, सगळ्याचं त्याला आधीच कळलेलं असतं.

एका रविवारी तो गाडी घेऊन आमच्याकडं आला. चहा येण्याआधीच त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"दाजी, ही तुमची कंपनी. बघा किती देती ते. आन् तुम्ही तिला नावं ठेवता."

मी बघितलं. कुणीतरी कंपन्यांची उतरंड लावली होती. सगळ्यात जास्त टक्के देणारी सगळ्यात वर. आमची कंपनी वरून पहिली.

"हे जागा विकल्याचे पैसे आहेत," मी म्हटलं. "वाळूजची. मी डोळ्यांनी बघून आलोय. शेडसुद्धा राहिली नाही तिथं. पुढच्या वर्षी विकायला दुसरी जागा कुठून आणणार?"

"आणतील की. मोठी माणसं हायेत ती."

"किती घालताय तुम्ही?"

"मोबदल्यातलं निम्मं. जास्तच व्हईल थोडं. बाकीचं दुकानात लागतंय."

"निम्मं एकाच कंपनीत?"

"मग? जी सगळ्यात जास्त देती तिच्यात सगळ्यात जास्त. सरळ हाय." त्यानं बहिणीकडं बघितलं. "ताई, दाजींना त्या कंपनीनं काढलं ना, म्हणून त्यांच्या पोटात दुखतंय. हिशोब वेगळा, राग वेगळा."

आपल्याला खरं काय ते माहीत असावं आणि समोरच्यानं ते आपल्या रागात जमा करून मोकळं व्हावं, यापुढं बोलायला काही उरत नाही. तरी बायको त्याला म्हणाली, "अरे, ते सांगतायत तर थोडं कमी घाल. दोन-चार ठिकाणी वाट."

"ताई, दोन-चार ठिकाणी वाटलं की दोन-चार ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं. मला आडतीतून येळ नाय."

ज्या माणसाला कांद्याच्या एका गोणीत हात घालून सडका कांदा अचूक काढता येतो, त्याला शेअर घेताना गोणी उघडून बघावीशीसुद्धा वाटू नये, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. आपल्या धंद्यात चोख असणारी माणसं दुसऱ्याच्या धंद्यात किती बिनडोक होऊ शकतात, हे मी नंतर बरंच बघितलं.

त्यानं पैसे घातले. पहिला डिव्हिडंड आला तेव्हा त्यानं आम्हाला लासूरला जेवायला बोलावलं. मटण होतं. जेवताना त्यानं गावातल्या दोन व्यापाऱ्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं, आणि त्यांच्यापुढं तो मला उद्देशून म्हणाला, "दाजी, तुम्ही दहा-पंधरा कंपन्या घेऊन बसला. सगळ्यांचा मिळून जेवढा आला तेवढा माझ्या एकटीनं दिला." व्यापारी हसले. मीही हसलो. दुसऱ्याच्या ताटावर बसून कुणाला शहाणपण शिकवता येत नाही.

पुढच्या वर्षी कंपनीनं डिव्हिडंड जाहीर केला तो आदल्या वर्षीच्या पाचव्या हिश्शाहून कमी. त्याबरोबर भाव घसरायला लागला. आठवडाभरानं मेव्हण्याचा बहिणीला फोन आला की कंपनीची वार्षिक सभा आता व्हिडिओवर होते, त्यात भागधारकाला बोलता येतं, त्यानं बोलायला नाव दिलंय, आणि लासूरला नेटचा भरवसा नाही म्हणून तो आमच्याकडं येऊन बसणार आहे.

"बोलणार काय?" मी फोन घेऊन विचारलं.

"विचारणार. मागल्या साली येवढा दिला, औंदा का नाय. सोडत नसतो."

सभेच्या दिवशी तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. कपाळाला गंध. सोफ्याच्या मधोमध बसला, समोर स्टुलावर दोन पुस्तकं रचून मोबाइल त्यावर उभा केला. बायकोनं शाळेतून सुट्टी काढली होती. मी मागं खुर्चीवर बसलो, कॅमेऱ्यात येणार नाही असा.

अध्यक्ष एका मोठ्या टेबलामागं बसले होते. बाजूला कुंडी. ते चांगल्या, संथ इंग्रजीत बोलले. मग भागधारकांची पाळी सुरू झाली. मला वाटलं होतं, लोक आता तुटून पडतील. पहिला भागधारक पलंगावर बसून बोलत होता, मागं पंखा गरगरत होता. त्यानं अध्यक्षांना सूर्याची उपमा दिली. दुसऱ्या एका बाईंनी अहवालाचं मुखपृष्ठ किती छान छापलंय ते सांगितलं आणि सेक्रेटरी विभागाचे आभार मानले. तिसऱ्यानं सणाला मिठाई पाठवावी अशी नम्र सूचना केली. चौथ्याला कारखाना बघायचा होता, जेवणासह. प्रत्येकाचं बोलणं संपलं की निवेदन करणारी मुलगी 'थँक्यू सर' म्हणायची आणि पुढच्याचं नाव घ्यायची. ज्यांचे पैसे बुडत होते ती माणसं एकामागून एक येऊन, पैसे बुडवणाऱ्याच्या पायाशी फुलं ठेवून जात होती. कँटीनमधला तो केक मला आठवला नाही असं म्हणणार नाही.

मग मेव्हण्याचं नाव आलं. तो सावरून बसला, घसा खाकरला.

"चेअरमन साहब, नमस्कार. मैं लासूर स्टेशन से बात कर रहा हूँ." मग त्यानं आपल्या दुकानाचं नाव सांगितलं. मग वडिलांचं. मग तो थांबला. पडद्यावर अध्यक्षांनी मान थोडी वाकडी करून ऐकण्याचा आव आणला होता. मेव्हण्यानं त्यांच्याकडं बघितलं आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "साहब, आपका काम बहोत बढिया है. हम लोग छोटे आदमी हैं. आपके ऊपर भरोसा है. ऐसेच आगे बढो."

"थँक्यू सर," मुलगी म्हणाली आणि पुढचं नाव घेतलं.

बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. मीही तिच्याकडं बघितलं नाही. मेव्हण्यानं मोबाइल उचलला, स्वतःचं चित्र बंद झालंय याची खात्री केली आणि परत ठेवला.

शेवटी अध्यक्षांनी सगळ्या प्रश्नांना एकदम उत्तर दिलं. प्रश्न कुणी विचारलेच नव्हते, तरी दिलं. गेल्या वर्षीचा जादा डिव्हिडंड हा महाराष्ट्रातली एक अनावश्यक मालमत्ता विकून आलेल्या रकमेतून दिला होता, तो एकदाचाच होता, हे भागधारकांना ठाऊकच आहे, असं ते म्हणाले. अनावश्यक मालमत्ता. माझे केस जिथं पांढरे झाले, जिथं एका पावसाळ्यात पाणी शिरलं तेव्हा आम्ही रात्रपाळीच्या लोकांबरोबर कंबरभर पाण्यातून मालाच्या पेट्या उचलल्या, ती जागा. मला राग आला नाही. इतक्या नीट इस्त्री केलेल्या माणसावर राग तरी काय करायचा. फक्त किळस वाटली, जेवणात केस निघाल्यावर वाटते तेवढी.

सभा संपली. बायकोनं थालीपीठ आणि दही आणलं.

"विचारणार होता ना तू?" ती भावाला म्हणाली.

"विचारलं असतं. पण माणूस चांगला वाटला, ताई. असं एकदम तोंडावर कसं बोलणार?" त्यानं थालीपीठ मोडलं. "दाजी, आता भाव उतरलाय. अजून थोडं घेऊन ठेवलं तर? म्हंजे घेतल्या भावाची सरासरी कमी व्हईल."

मी म्हटलं, "आणखी एक रुपया घातला तर मला सांगायला येऊ नका."

लग्नानंतर मी त्याच्याशी एवढ्या कडक आवाजात पहिल्यांदा बोललो असेन. त्यानं दुसरं थालीपीठ घेतलं. जाताना मात्र दाराशी त्यानं विचारलं, "मग काय करू?" आणि त्या दिवशी पहिल्यांदा तो उत्तर ऐकायला थांबला. मी त्याला सांगितलं की थोडे थोडे विका, आणि एका कंपनीत एवढंच घाला की ती बुडाली तर दुकानावर परिणाम होणार नाही. तो 'व्हय, व्हय' म्हणाला.

विकायला अर्थातच त्यानं उशीर केला. घेतलेला भाव परत येईल म्हणून वाट बघत बसला. कांद्याच्या हंगामात दुकानात पैसे लागले तेव्हा नाइलाजानं विकले, निम्म्याच्या आसपास भावानं. आडतीतल्या चांगल्या दोन वर्षांची कमाई त्यात गेली. ते त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही. त्या दोन व्यापाऱ्यांना तर नाहीच.

माझ्याकडच्या कंपन्यांपैकी एकीनं त्याच सुमारास डिव्हिडंड बंद केला. काहीतरी रसायनं बनवणारी कंपनी होती. घरात ते मी सोडून कुणाला कळलं नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बरं," आणि पेपर तपासत बसली. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं. मी इतका विचार करून केलेली गोष्ट बरोबर निघाली होती, आणि ती बरोबर निघाली म्हणूनच कुणाचं तिच्याकडं लक्ष जाणार नव्हतं.

दुकानाला लागून उरलेल्या पैशांचं मेव्हण्यानं काय केलं ते मला उशिरा कळलं. त्यानं आठ-दहा कंपन्यांची नावं घेतली, त्यातली काही माझ्याकडून, काही त्या मोबाइलवरच्या उतरंडीतून, आणि सगळ्यांत अगदी सारखे पैसे घालून टाकले. चांगली कंपनी आणि बरी कंपनी यात काही फरक नाही. जुनी नाही, नवी नाही. कुणाला किती, हा विचारच नाही.

"विचार केला का काही?" मी फोनवर विचारलं.

"नाय. विचार करून लई नुकसान झालं मागल्या टायमाला."

त्यानं मागच्या वेळी केला तो विचार होता, हे मला त्या दिवशी समजलं.

यंदाच्या उन्हाळ्यात तो आमच्याकडं आला होता तेव्हा बायकोनं सहज दोघांचे डिव्हिडंड विचारले. माझे आणि त्याचे. तिला आकडेमोडीची सवय आहे. तिनं शंभर रुपयांमागं कुणाला किती आले ते काढलं, आणि मग परत एकदा काढलं.

"तुमचं आणि त्याचं जवळपास सारखंच येतंय," ती म्हणाली.

"एका वर्षावरून काही सिद्ध होत नाही," मी म्हटलं.

"मी कुठं म्हटलं सिद्ध होतंय?"

मेव्हणा आंबा चोखत होता. त्यानं कोय ताटलीत ठेवली, हात पुसला आणि अत्यंत समजूतदार चेहऱ्यानं माझ्याकडं वळला. "दाजी, तुम्ही बी सगळ्यात सारखंच घाला की. कशाला येवढं डोकं शिणवता? तब्येतीला बरं नाय ते."

गेल्या आठवड्यात ठेवीची मुदत संपली. त्यातली थोडी रक्कम मी शेअरकडं वळवली. दोन सकाळी बसून मी ती माझ्याच पद्धतीनं वाटली, कुणाला जास्त, कुणाला निम्मं, दोघींना काहीच नाही. त्याला सांगितलं नाही.